तबकडी आणि तिचा वाचक

बंगळूर शहराच्या दक्षिणेस, होसूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ओलांडली की बोम्मसंद्रा हे गाव आणि त्याच्याभोवती वाढलेली औद्योगिक वसाहत लागते. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळूर मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्‌घाटन झाले आणि सुमारे १९ किलोमीटरच्या त्या मार्गाचे शेवटचे स्थानक म्हणून बोम्मसंद्र्याचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. या मार्गावरचा प्रवासी हातातले टोकन दाराजवळच्या यंत्राला लावतो आणि दार उघडते. त्या लहानशा चकतीत भाड्याचा हिशेब लिहिलेला असतो. परंतु तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागत नाही. यंत्रापासून दूर नेले की ते टोकन म्हणजे प्लॅस्टिकचा एक निर्जीव तुकडा होय.

लिहिलेले एका वस्तूत आणि ते वाचण्याची शक्ती दुसऱ्या वस्तूत, अशी ही विभागणी आहे. तिचा इतिहास सांगताना मोठमोठ्या संगणकांची नावे घेण्याचा प्रघात पडला आहे. मी मात्र आज एका लहान वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे जुन्या घरगुती संगणकाच्या पोटात बसवलेला, काढत्या-घालत्या तबकडीचा ड्राइव्ह. हौशी लोकांचा हा खेळ, त्याचा इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की, गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत माणसाने जे लिहिले त्याचा एक मोठा भाग अशा तबकड्यांवर पडून आहे, आणि तो पुढच्या पिढीस वाचता येईल की नाही हे या लहान ड्राइव्हवर अवलंबून आहे.

मराठी माणसाला ही अडचण तशी अपरिचित नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा बांधावयाचे फडके, आणि पुढे त्या गठ्ठ्यालाही तेच नाव पडले. कपाटातून रुमाल काढावा, गाठ सोडावी, हवा तो कागद पाहावा, पुन्हा बांधून जागेवर ठेवावा, ही रीत कित्येक पिढ्यांची. कागद टिकला, शाईही बहुतेक टिकली. परंतु लिपी मोडी. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादून प्रसिद्ध केले, तेव्हा मोडी सहज वाचणारी माणसे समाजात पुष्कळ होती. पुढे शाळेतून आणि कचेरीतून मोडी गेली, आणि कागद समोर असूनही त्याचा वाचक दुर्मिळ झाला. तथापि येथे एक समाधान होते. मोडी वाचणारे यंत्र म्हणजे माणसाचा डोळा. त्याला शिकवता येते. काही आठवड्यांच्या वर्गात नवा वाचक तयार होऊ लागतो, आणि असे वर्ग आजही चालतात. तबकडीच्या बाबतीत ही सोय नाही. तिला वाचणारे यंत्र शिकवून तयार होत नाही. ते घडवावे लागते, आणि घडवणारा कारखाना बंद पडला की प्रश्न बिकट होतो.

आता तबकडी संगणकापासून वेगळी कशी झाली ते पाहू. १९५६ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने पहिला तबकड्यांचा साठा बाजारात आणला. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एका दांड्यावर फिरत होत्या, आणि सर्व मिळून ५० लाख अक्षरे मावत होती. यंत्राचे वजन टनाहून अधिक. तबकड्या त्यातच कायमच्या जडवलेल्या. १९६२ मध्ये याच कंपनीने असे यंत्र काढले की, ज्यातील सहा तबकड्यांचा संच उचलून बाहेर काढता येई. त्या संचाचे वजन सुमारे साडेचार किलो आणि त्यावर मावणारी अक्षरे सुमारे २० लाख. ही घटना दिसायला लहान, परंतु परिणामाने मोठी आहे. तोपर्यंत साठा हा यंत्राचा अवयव होता; आता तो कपाटात ठेवण्याजोगी वस्तू झाला. एका यंत्रावर दहा खात्यांनी आपापले संच आणून काम करावे आणि काम संपताच आपले दप्तर घेऊन जावे, अशी सोय झाली. हा रुमालच म्हणावयाचा, फक्त धातूचा.

१९७१ साली आयबीएमने आठ इंची लवचिक तबकडी आणली. तिलाच पुढे सगळे जग फ्लॉपी म्हणू लागले. आरंभी तिचे काम अगदी मर्यादित होते. मोठ्या संगणकाला सुरू होताना ज्या सूचना लागत त्या पुरवणे एवढेच. तिच्यावर ग्राहकाला काही लिहिताही येत नसे. लिहिण्या-वाचण्याची फ्लॉपी १९७३ मध्ये आली. १९७६ मध्ये शुगार्ट असोशिएट्सने सव्वापाच इंची ड्राइव्ह काढला आणि १९८१ मध्ये सोनीने साडेतीन इंची. तबकडी टेबलाच्या खणात, पाकिटात आणि शेवटी सदऱ्याच्या खिशात मावू लागली.

याच सुमारास संगणक घरात आला. १९७७ साली ॲपल-२, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० ही तीन यंत्रे अमेरिकेत विक्रीस आली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या डिसेंबरात बीबीसी मायक्रो आणि १९८२ च्या एप्रिलमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम. यांतील बहुतेकांची स्मृती वीज जाताच कोरी होत असे. केलेले काम राखावयाचे तर ते बाहेर कोठेतरी लिहून ठेवणे भाग होते. ड्राइव्ह महाग, पुष्कळदा त्याची किंमत संगणकाच्या किमतीच्या बरोबरीने जाई. म्हणून घरोघरी गाण्यांची साधी कॅसेट हेच दप्तर झाले. संगणक आपली माहिती उंच-सखल सुरांत बदलून टेपरेकॉर्डरला ऐकवी आणि पुन्हा ते सूर ऐकून माहिती परत घेई. स्पेक्ट्रमची ४८ किलोबाइटची स्मृती भरावयास सुमारे पाच मिनिटे लागत.

आकाशवाणीच्या श्रोत्यांना यातील एक गोष्ट विशेष कौतुकाची वाटेल. माहिती सुरांत बसते म्हटल्यावर ती रेडिओवरूनही पाठवता येईल, हे नेदरलँड्समधील एनओएस या नभोवाणी संस्थेच्या लोकांनी ओळखले. त्यांच्या हॉबीस्कूप या कार्यक्रमात संगणकाचे कार्यक्रमच्या कार्यक्रम किरकिरत्या आवाजाच्या रूपाने प्रक्षेपित होत. श्रोते ते कॅसेटवर उतरवून घेत आणि आपल्या यंत्राला ऐकवत. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना ते सारखेच कळावेत म्हणून बेसिकोड नावाची सामाईक पद्धत तयार करण्यात आली. भिन्न यंत्रांना कळणारी सामाईक भाषा हवी, हे त्या मंडळींनी फार लवकर जाणले होते.

आपल्या देशातही ही यंत्रे आली. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने आणि एनसीईआरटीने शाळांसाठी ‘क्लास’ ही योजना सुरू केली. आरंभी सुमारे २५० शाळा निवडण्यात आल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रो हे यंत्र देण्यात आले. मोहालीच्या सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने हेच यंत्र परवान्याने येथे ‘युनिकॉर्न’ या नावाने बनवले. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती बाजारात आणली. पुढे ती बाजारपेठ आटली. आज पन्नाशीत असलेल्या अनेकांचा संगणकाशी पहिला परिचय या यंत्रांनीच करून दिला.

या यंत्रांना फ्लॉपी जोडावयाची म्हणजे काय करावे लागे, ते पाहण्यासारखे आहे. बीबीसी मायक्रोच्या आत तबकडी सांभाळणाऱ्या चिपसाठी रिकामी जागा ठेवलेली असे. ती चिप आणि तबकडीची व्यवस्था जाणणारी दुसरी चिप आत बसवली म्हणजे मग बाहेरून ड्राइव्ह जोडता येई. एका तबकडीच्या एका बाजूवर १०० किलोबाइट, नोंदी जास्तीत जास्त ३१, आणि प्रत्येकीचे नाव सात अक्षरांहून मोठे नाही, अशी ती काटकसरीची व्यवस्था होती. जागेची टंचाई असली म्हणजे माणूस नावेही आखडती घेतो. जुन्या तबकड्यांवरची ती तुटक नावे वाचताना मोडीतील संक्षेपांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ड्राइव्ह यंत्राच्या आतच बसवण्याकडे पुढे कल वाढला. १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅड कंपनीने सिंक्लेअरचा संगणकाचा धंदा विकत घेतला, आणि १९८७ मध्ये जो ‘स्पेक्ट्रम प्लस-३’ काढला त्याच्या उजव्या अंगास फ्लॉपी ड्राइव्ह बसवलेला होता. तबकडी मात्र तीन इंची, कठीण कवचाची. ड्राइव्हला वाचणारे टोक एकच. म्हणून दुसरी बाजू वाचावयाची तर तबकडी हाताने उलटी करावी लागे. जगाने साडेतीन इंची माप स्वीकारले, आणि तीन इंची तबकडी एकटी पडली. आज या यंत्राचा मालक ते चालू करतो तेव्हा बहुधा तबकडी फिरत नाही. कारण अगदी साधे असते. मोटरची गती तबकडीपर्यंत पोचवणारा रबराचा लहान पट्टा इतक्या वर्षांत सैल पडलेला किंवा चिकट होऊन विरघळलेला असतो. पट्टा बदलला की ड्राइव्ह पुष्कळदा पुन्हा चालू लागतो. तबकडीवरचे लिखाण चुंबकीय, यंत्राची रचना इलेक्ट्रॉनिक, आणि या दोहोंचे भवितव्य एका रबरी पट्ट्यावर! अशा पट्ट्यासारख्या वस्तू घडवणे हे बोम्मसंद्र्यासारख्या वसाहतींतील लहान कारखान्यांच्या आवाक्यातले काम आहे. म्हणजे अडचण नेहमी मोठ्या शास्त्राची असते असे नाही; जिन्नस कोणता हवा आणि तो का हवा, हे जाणणारा माणूस असला पाहिजे.

आता या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरणाकडे वळू. कमोडोर कंपनीचा ॲमिगा हा संगणक १९८५ मध्ये आला. चित्रे, ध्वनी आणि एकाच वेळी अनेक कामे करण्याची हातोटी यांमुळे तो फार लोकप्रिय झाला. त्याच्या आत साडेतीन इंची ड्राइव्ह होता आणि एका तबकडीवर ८८० किलोबाइट मावत. हे प्रमाण त्या काळच्या आयबीएम धर्तीच्या संगणकांवरील ७२० किलोबाइटांहून अधिक होते. कारण ॲमिगा तबकडीवर आपल्या स्वतंत्र पद्धतीने, तुकड्यांमधील मोकळी जागा वाचवून लिहीत असे. परंतु याच हुशारीमुळे त्याची तबकडी इतरांना वाचता येईना. कवच तेच, माप तेच, तबकडी तीच. आणि तरीही साध्या संगणकात घातली तर तो ती कोरी समजे. देवनागरी वाचणाऱ्यापुढे मोडी कागद ठेवावा तसा हा प्रकार होता.

या यंत्राच्या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र मोठी समंजस होती. ॲमिगा तबकडीला तिच्या नावाने ओळखत असे. ती कोणत्या ड्राइव्हमध्ये आहे याला महत्त्व नव्हते. हवी ती तबकडी आत नसेल तर ‘अमुक नावाची तबकडी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घाला’ अशी विनंती पडद्यावर येई. जागा बदलली तरी वस्तूची ओळख बदलू नये, हे दप्तरखान्याचे पहिले तत्त्व त्या यंत्राने पाळले होते.

२९ एप्रिल १९९४ रोजी कमोडोरने दिवाळे जाहीर केले. आणि त्यानंतर थोड्याच अवधीत, १९९५ मध्ये, अमेरिकेतील आयोमेगा या कंपनीचा झिप ड्राइव्ह विक्रीस आला. झिपची तबकडी फ्लॉपीहून थोडी जाड, परंतु तिच्यात १०० मेगाबाइट मावत. म्हणजे ॲमिगाच्या सुमारे ११० फ्लॉप्यांचा ऐवज एका तबकडीत. फ्लॉपी मिनिटास ३०० फेरे घेते, तर झिपची तबकडी जवळजवळ ३००० फेरे घेते. वाचणारे टोक कोठे न्यावयाचे हे सांगणाऱ्या मार्गखुणा कारखान्यातच तबकडीवर लिहिलेल्या असतात. म्हणून जोरदार चुंबकाने झिपची तबकडी पुसली तर ती कोरी होत नाही, निरुपयोगी होते. कारण लिखाणाबरोबर रस्त्याच्या खुणाही पुसल्या जातात.

जनक कंपनी गेलेली असताना ॲमिगाच्या मालकांनी या नव्या ड्राइव्हकडे आशेने पाहिले. झिपचे बाहेरून जोडावयाचे प्रकार होते, तसाच संगणकाच्या आत बसवावयाचा प्रकारही निघाला. १९९२ मध्ये निघालेल्या ॲमिगा-१२०० आणि ॲमिगा-४००० या यंत्रांच्या आत हार्ड डिस्कसाठी आयडीई जातीची जोडणी होती, आणि आतला झिप ड्राइव्ह त्याच जोडणीवर लागू शकत होता. परंतु लागणे वेगळे आणि चालणे वेगळे. पहिली अडचण जागेची. ४००० च्या पेटीत साडेतीन इंची ड्राइव्हला जागा होती. १२०० मात्र कळफलकाखालीच सगळे यंत्र सामावणारा. त्याच्या मालकांपैकी अनेकांनी यंत्राची आतली पाटी काढून उभ्या पेटीत नव्याने बसवली. दुसरी अडचण जोडणीची. १२०० मधील जोडणी ४४ टाचण्यांची आणि बारीक, तर झिपची ४० टाचण्यांची आणि जाड. मध्ये जोड घालावा लागे. तिसरी अडचण विजेची. मूळ वीजपुरवठा तोलूनमापून दिलेला. नव्या ड्राइव्हचा भार त्याला पेलेल की नाही याचा हिशेब करावा लागे. चौथी आणि सर्वांत मुद्द्याची अडचण भाषेची. ॲमिगाची त्या वेळची व्यवस्था हार्ड डिस्क जाणत होती. अधूनमधून बाहेर काढली जाणारी आणि बदलली जाणारी मोठी तबकडी या जोडणीवर तिला ठाऊक नव्हती. त्यासाठी वेगळी आज्ञावली घालावी लागे. १९९९ मध्ये निघालेल्या नव्या आवृत्तीत ही समज मुळातच देण्यात आली.

एवढी खटपट करून मिळाले काय? मिळाला तो पूल. १९९२ पासून ॲमिगाबरोबर एक आज्ञावली येत होती, जिच्यामुळे साध्या संगणकाच्या पद्धतीने आखलेली तबकडी ॲमिगाला वाचता-लिहिता येई. झिपची तबकडी त्या सामाईक पद्धतीने आखावी, ॲमिगाच्या स्वतःच्या ड्राइव्हमध्ये एकेक जुनी फ्लॉपी घालून तिच्यातील मजकूर झिपवर उतरवावा, आणि मग ती एक तबकडी उचलून साध्या संगणकात न्यावी. जुनी लिपी जाणणारे यंत्र आणि नवी लिपी जाणणारा ड्राइव्ह एकाच पेटीत शेजारी बसले, म्हणूनच हे लिप्यंतर घडू शकले. मोडी आणि देवनागरी दोन्ही जाणणारा कारकून जे काम करतो तेच काम ही पेटी करीत होती.

पुलालाही आयुष्य असते. झिपच्या काही ड्राइव्हमधून टकटक असा आवाज येऊ लागे आणि तबकडी वाचता येईनाशी होई. लोकांनी त्याला ‘मृत्यूची टकटक’ असे नाव दिले. हा रोग संसर्गजन्य होता. बिघडलेल्या टोकाने तबकडीची कड दुखावली तर तीच तबकडी दुसऱ्या चांगल्या ड्राइव्हचे टोकही दुखावू शके. १९९८ मध्ये या तक्रारीवरून अमेरिकेत ग्राहकांनी सामुदायिक दावाही लावला. पुढे लिहिता येणाऱ्या सीडी स्वस्त झाल्या, २००० साली यूएसबी पेनड्राइव्ह आले, आणि झिपचे दिवस संपले. फ्लॉपीही गेली, सोनीने जपानमधील तिची विक्री २०११ च्या मार्चमध्ये थांबवली.

आज हौशी मंडळी जुन्या यंत्रातील फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी नक्कल करणारे लहान यंत्र बसवतात. ते पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड वाचते आणि संगणकाला मात्र आपण फ्लॉपीच आहोत असे भासवते. सोय उत्तम आहे. परंतु येथे एक धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. हे नकली यंत्र जुनी फ्लॉपी वाचू शकत नाही. मूळ ड्राइव्ह काढून टाकला, तबकड्या अजून उतरवलेल्या नाहीत, आणि यंत्र झोकात चालू आहे, अशी स्थिती झाली तर यंत्र वाचले आणि दप्तर बुडाले असे होईल. आधी मजकूर उतरवावा, मग ड्राइव्ह बदलावा; हा क्रम उलटता कामा नये. आपल्याकडे तर घाई अधिक आहे. कोकणातील आणि मुंबईतील पावसाळ्याची दमट हवा चुंबकीय फितीला आणि तबकडीला मानवत नाही. बुरशी धरली की प्रत्येक वर्ष मोलाचे.

ही भीती काल्पनिक नाही याचा दाखला बीबीसी मायक्रोच्याच घराण्यात सापडतो. १०८६ साली इंग्लंडच्या राजाने देशातील जमीनजुमल्याची पाहणी करवून ती चर्मपत्रावर लिहवली. ते ‘डूम्सडे बुक’ आजही वाचता येते. त्याला १९८६ मध्ये नऊशे वर्षे पुरी होणार म्हणून बीबीसीने तशीच नवी पाहणी हाती घेतली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत पुष्कळ शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती आणि चित्रे दिली. ही संपत्ती लेसरच्या मोठ्या तबकड्यांवर साठवण्यात आली, आणि ती वाचावयास बीबीसी मास्टर संगणक व एक खास वाचनयंत्र लागे. पंधरा-सोळा वर्षांतच चालू स्थितीतील वाचनयंत्रे इतकी कमी झाली की, तो मजकूर सोडवण्यासाठी विद्यापीठांतील संशोधकांना खास प्रकल्प करावा लागला. तो मजकूर सुदैवाने वाचला. नऊशे वर्षांचे चर्मपत्र सुरक्षित, आणि पंधरा वर्षांची तबकडी संकटात, हा धडा विसरण्यासारखा नाही.

बंगळूरमध्येच या विचाराची दुसरी बाजू पाहावयास मिळते. येथील भारतीय विज्ञान संस्थेतील काही शास्त्रज्ञ आणि विनय देशपांडे व त्यांचे एन्कोअर कंपनीतील सहकारी यांनी मिळून ‘सिम्प्युटर’ हा हातात मावणारा स्वस्त संगणक आखला. त्याचा नमुना २००१ मध्ये लोकांपुढे आला. गावात यंत्र एक, परंतु प्रत्येकाचे स्मार्ट कार्ड वेगळे. ज्याने कार्ड घातले त्याची माहिती यंत्राने वाचावी आणि कार्ड काढताच ती त्याच्याबरोबर जावी, अशी ती कल्पना होती. २००४ मध्ये त्याची विक्री सुरू झाली, पण तो अपेक्षेइतका खपला नाही. तरीही काढत्या-घालत्या स्मृतीमुळे गरिबाला यंत्र विकत न घेता दप्तराची मालकी मिळू शकते, हा विचार मोलाचा होता. मात्र यंत्र गेल्यावर कार्डाचे काय, हा प्रश्न तेथेही उरतोच.

मी सरकारी सेवेतील माणूस असल्याने हा विषय मला कचेरीच्या अंगाने अधिक जाणवतो. महाराष्ट्रातील कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करण्याची पद्धत आहे. अ वर्गाचा कागद कायम राखावयाचा, ब वर्गाचा तीस वर्षे. समजा, १९९५ साली एखादी ब वर्गाची नोंद फ्लॉपीवर ठेवली असेल, तर तिची मुदत २०२५ मध्ये पुरी झाली. या तीस वर्षांत ती फ्लॉपी कपाटात असेलही. पण ती घालावयाचा ड्राइव्ह कचेरीतून केव्हाच निघून गेला. कायद्याने या गोष्टीचा विचार केलेला आहे. १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने संगणकावर तयार झालेले साहित्यही अभिलेखात मोडते असे मानले, आणि २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या सातव्या कलमात अशी अट घातली की, इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुढेही पाहता व वापरता येईल अशा रीतीने राखला पाहिजे. म्हणजे जपणूक केवळ वस्तूची नव्हे, वाचनीयतेची. बस्ता बांधून ठेवला म्हणजे जबाबदारी संपली, असे कायदाही म्हणत नाही.

मराठी मजकुरापुढे आणखी एक कुलूप आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरले आणि पुण्याच्या सी-डॅकने त्याचा प्रसारही केला. तरी १९९० नंतरच्या दशकात छापखान्यांतून व कचेऱ्यांतून निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट चालत, आणि त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे अवयव बसवलेले असत. तो फाँट नसेल तर पडद्यावर अर्थहीन खुणांची रांग दिसते. म्हणजे तबकडी शाबूत असावी, ड्राइव्ह चालू असावा आणि लेखनाची पद्धतही ठाऊक असावी, या तिन्ही किल्ल्या जुळल्या तरच मराठी ओळ हाती लागते. येथे एक आशादायक गोष्ट सांगितली पाहिजे. २०१४ मध्ये युनिकोड या जागतिक प्रमाणात मोडी लिपीलाही स्वतंत्र स्थान मिळाले. शेकडो वर्षांची लिपी नव्या व्यवस्थेत आणता येते, तर तीस वर्षांपूर्वीचा फाँट आणणे अशक्य नाही. इच्छा आणि नोंद मात्र हवी.

म्हणून जो मनुष्य आपल्या जुन्या संगणकाचे झाकण उघडून आत ड्राइव्ह बसवीत असतो, त्याच्याकडे निव्वळ हौशी म्हणून पाहणे योग्य नाही. तो एका नाहीशा होत चाललेल्या लिपीचा वाचक आहे. प्रत्येक घरी असे यंत्र असावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु विद्यापीठे, पुराभिलेखागारे आणि मोठी ग्रंथालये यांनी अशी दोन-चार यंत्रे चालू स्थितीत, त्यांच्या मूळ ड्राइव्हसह, पट्ट्यांसह आणि जोडण्यांसह राखावीत, ती चालवणारी माणसे तयार करावीत, आणि कोणती तबकडी कोणत्या पद्धतीने लिहिलेली आहे याची नोंद कागदावर ठेवावी. खर्च फार नाही. ज्यांच्या माळ्यावर, कपाटात वा खणात अशा जुन्या तबकड्या असतील त्यांनी त्या टाकून देण्यापूर्वी एकदा विचार करावा. त्यांत हिशेब असतील, एखाद्या संस्थेचे अहवाल असतील, कोणाचे अप्रकाशित लेखन असेल. आपल्या पूर्वजांनी रुमाल बांधून ठेवले म्हणून आपल्याला इतिहास लिहिता आला. आपण तबकड्या ठेवल्या आहेत. त्यांच्याबरोबर त्यांचा वाचकही ठेवणे, हे आपले काम आहे.